मतपत्रिकेवरचा वकील

नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य वकील, निवडण्यासाठी मतदान झालं. बावीस लाखांवर मतं पडली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या मार्क हेरिंग यांना ११,०३,७७७ मतं मिळाली, रिपब्लिकन पक्षाच्या मार्क ओबेनशेन यांना ११,०३,६१२. फरक १६५ मतांचा. एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही माणूस याहून जास्त मतांनी पडतो. मतदानाच्या रात्री तर ओबेनशेनच पुढे होते. मग फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), टपालाने आणि आगाऊ आलेल्या मतांपैकी सुमारे तीन हजार मोजायचीच राहिली असल्याचं लक्षात आलं आणि पारडं फिरलं. फेरमोजणीत हेरिंग यांची आघाडी ९०७ पर्यंत वाढली. १८ डिसेंबरला ओबेनशेन यांनी हार मान्य केली.

११ जानेवारी २०१४ ला हेरिंग यांनी कारभार हाती घेतला आणि २३ जानेवारीला जाहीर केलं की राज्याच्या घटनेत समलिंगी विवाहावर जी बंदी आहे, तिच्या बाजूने आपण न्यायालयात उभे राहणार नाही. नॉरफोकच्या केंद्रीय न्यायालयात या बंदीविरुद्ध दावा चालू होता आणि त्यात राज्य प्रतिवादी होतं. आता राज्याचाच वकील म्हणत होता की फिर्यादींचं बरोबर आहे, ही बंदी अमेरिकेच्या घटनेत बसत नाही.

गंमत म्हणजे ही बंदी कुठल्या हुकमातून आलेली नव्हती. २००६ मध्ये जनमत घेऊन ती राज्यघटनेत घातली होती आणि ५७ टक्के मतदारांनी तिला होकार दिला होता. खुद्द हेरिंग तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये होते आणि त्यांनीही बंदीच्याच बाजूने मत दिलं होतं. मधल्या आठ वर्षांत त्यांचं मत बदललं. राज्याच्या वकिलाचं मत बदललं की खटल्याची बाजूच बदलते, हे व्हर्जिनियाच्या लोकांना त्या आठवड्यात कळलं. विरोधक खवळले. ज्याचं वकीलपत्र घेतलंय त्याच्याच विरोधात उभं राहायचं, ही कसली वकिली? आणि असा वकील असेल तर त्याला घरी का पाठवत नाहीत?

सहजासहजी घरी पाठवता येत नाही, कारण त्याला कोणी नेमलेलंच नसतं. लोकांनी निवडून दिलेलं असतं.

आपल्याकडे काय होतं, तिकडे काय

मराठी वाचकाला हे पद चटकन उमगत नाही, कारण आपल्याकडे त्याच्या जागी जो माणूस बसतो त्याची गोष्ट वेगळी आहे. राज्याचा महाधिवक्ता भारतीय घटनेच्या कलम १६५ खाली नेमला जातो (१६५ हाच आकडा पुन्हा यावा, हा निव्वळ योगायोग). उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेल्या व्यक्तीला राज्यपाल नेमतात आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत ती पदावर राहते. राज्यपालांची मर्जी म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची मर्जी. सरकार गेलं की महाधिवक्त्याने राजीनामा देण्याचा रिवाज आहे. विधिमंडळात त्याला बोलता येतं, मत देता येत नाही. या खुर्चीवर फार मोठी माणसं बसून गेली. होमी सीरवाई १९५७ पासून १९७४ पर्यंत आधी मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते आणि सरकारला न रुचणारं मतही ते स्पष्टपणे देत, अशी त्यांची ख्याती होती. पण तो त्यांचा पिंड होता. पदाच्या रचनेत तसं संरक्षण नाही.

अमेरिकेत ५० पैकी ४३ राज्यांत ॲटर्नी जनरल थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशर, न्यू जर्सी आणि वायोमिंग या पाच राज्यांत राज्यपाल नेमतात (तिकडचा राज्यपाल लोकांनी निवडलेला असतो आणि आपल्या मुख्यमंत्र्यासारखा सरकार चालवतो). मेन राज्यात विधिमंडळ गुप्त मतदानाने निवडतं. टेनेसीत तर राज्याचं सर्वोच्च न्यायालयच आठ वर्षांसाठी नेमणूक करतं. असं दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाही. वॉशिंग्टन डी.सी. हे राज्य नसलं तरी तिथेही २०१४ पासून या पदासाठी मतदान होतं.

एक घोटाळा इथेच मिटवलेला बरा. बातम्यांत ‘अमेरिकेचे ॲटर्नी जनरल’ म्हणून ज्यांचं नाव येतं, ते केंद्रातले. त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते, आणि ते मंत्रिमंडळात बसतात. राज्यांचे ॲटर्नी जनरल त्यांच्या हाताखाली नसतात. उलट त्यांच्या खात्यावर दावे ठोकणं हा अलीकडे राज्यांच्या ॲटर्नी जनरलांचा नित्यक्रमच झालाय. त्याकडे पुढे येऊ.

निवडणुकीची ही पद्धत पहिल्यापासून नव्हती. व्हर्जिनिया १७७६ मध्ये स्वतंत्र झाल्यावर पहिले ॲटर्नी जनरल झाले एडमंड रँडॉल्फ. त्यांना लोकांनी निवडलेलं नव्हतं. (पुढे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मंत्रिमंडळात तेच देशाचे पहिले ॲटर्नी जनरल झाले.) एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत एक लाट आली. सत्ताधाऱ्यांनी आपापली माणसं पदांवर चिकटवण्यापेक्षा ती पदंच लोकांच्या मतावर सोपवा, अशी मागणी होऊ लागली. राज्यामागून राज्यांनी घटना बदलल्या. व्हर्जिनियाने १८५१ च्या घटनेत राज्यपाल आणि ॲटर्नी जनरल दोघांनाही थेट मतदानावर आणलं. कल्पना अशी की सगळ्या किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला नकोत. राज्यपाल एक निवडा, वकील वेगळा निवडा, खजिनदारही वेगळा निवडा. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण आपण आमदार निवडतो आणि पुढचं सगळं मुख्यमंत्र्यांवर सोडतो.

रोजचं काम

टीव्हीवर दिसतात ते गाजलेले दावे. कार्यालयातलं नव्वद टक्के काम रुक्ष असतं, असं म्हटलं तरी चालेल. तुरुंगातल्या कैद्याने अर्ज केला, राज्याच्या महामार्गाचं कंत्राट फिसकटलं, विद्यापीठातल्या प्राध्यापकाने बडतर्फीला आव्हान दिलं, की राज्याच्या वतीने उत्तर देणारा वकील याच कार्यालयातून जातो. मोठ्या राज्यांत अशा वकिलांची संख्या शेकड्यांत असते. वैद्यकीय मदतीच्या योजनेत खोटी बिलं लावणारे दवाखाने पकडणं, वादळानंतर छप्पर दुरुस्त करतो म्हणून आगाऊ पैसे घेऊन पसार झालेल्या ठेकेदारावर कारवाई करणं, फसवे फोन करणाऱ्या कंपन्यांना दंड करणं, हेही त्यातच. ग्राहकाची तक्रार घेणारा अर्ज बहुतेक राज्यांत याच कार्यालयाच्या संकेतस्थळावर असतो.

धर्मादाय संस्थांवर देखरेखही यांच्याकडेच. महाराष्ट्रात जे काम धर्मादाय आयुक्त करतात, ते तिकडे बहुतेक राज्यांत ॲटर्नी जनरलच्या खात्यात होतं. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी २०१८ मध्ये ट्रम्प फाउंडेशन या संस्थेवर दावा लावला, तो याच अधिकारात. संस्था बंद झाली आणि २०१९ मध्ये न्यायालयाने डोनाल्ड ट्रम्प यांना २० लाख डॉलर भरायला लावले.

मग ‘अभिप्राय’ नावाचा एक प्रकार असतो. एखादा आमदार किंवा अधिकारी लेखी प्रश्न विचारतो की या कायद्याचा अर्थ काय, आणि ॲटर्नी जनरल लेखी उत्तर देतो. ते न्यायालयाच्या निकालासारखं बंधनकारक नसतं, पण सरकारी अधिकारी सहसा त्याच्या विरुद्ध जात नाहीत. गेलं आणि दावा झाला, तर बचाव करायला हाच वकील यायचा असतो! व्हर्जिनियात एप्रिल २०१४ मध्ये हेरिंग यांनी सांगितलं की लहानपणी कागदपत्रांविना देशात आणलेल्या आणि केंद्राच्या ‘डाका’ योजनेत नोंद झालेल्या मुलांना राज्याच्या विद्यापीठांत स्थानिकांच्या दराने फी भरता येईल. कायद्याचा एक शब्दही बदलला नव्हता, तरी शेकडो डॉलर नव्हे, वर्षाला हजारो डॉलरचा फरक पडला. जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या जागी आलेले रिपब्लिकन जेसन मियारेस यांनी अभिप्राय दिला की सरकारी विद्यापीठांना विद्यार्थ्यांवर कोविडच्या लसीची सक्ती करता येणार नाही. लगोलग विद्यापीठांनी सक्ती मागे घेतली. एवढं सगळं दोन-चार पानी पत्रावर झालं.

जे काम लोकांना वाटतं की ॲटर्नी जनरल करतो आणि तो फारसं करत नाही, ते म्हणजे खून-दरोड्यांचे खटले चालवणं. प्रचाराच्या जाहिराती पाहाल तर उमेदवार पोलिसांच्या घोळक्यात उभा राहून गुन्हेगारांना तुरुंगात डांबायच्या गोष्टी करत असतो. व्हर्जिनियात ते काम प्रत्येक काउंटीतला किंवा शहरातला वेगळा निवडून आलेला सरकारी वकील करतो. ॲटर्नी जनरलकडे प्रकरण येतं ते अपिलात. डेलावेअर आणि ऱ्होड आयलंडसारख्या राज्यांत मात्र फौजदारी खटलेही त्याच्याच कार्यालयाकडे असतात. मिनेसोटात स्थानिक वकीलच खटले चालवतात, पण पोलिसांच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या प्रकरणात राज्यपाल टिम वॉल्झ यांनी सांगितल्यावर ॲटर्नी जनरल कीथ एलिसन यांनी खटला हाती घेतला आणि एप्रिल २०२१ मध्ये पोलीस अधिकारी डेरेक शॉव्हिन दोषी ठरला. असं क्वचित होतं.

मिसिसिपीतली सिगारेट

या पदाची ताकद देशाला खऱ्या अर्थाने कळली ती मिसिसिपीत. तोवर सिगारेट कंपन्यांवर आजारी माणसांनी आणि त्यांच्या वारसांनी कितीतरी दावे केले होते आणि कंपन्या जवळजवळ प्रत्येक वेळी सुटत होत्या. त्यांचा बचाव सोपा होता. पाकिटावर इशारा छापलेला आहे, तुम्ही स्वतःच्या मर्जीने ओढलीत, आता आम्हाला कशाला बोलता? ज्यूरीलाही ते पटायचं.

मिसिसिपीचे ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी मे १९९४ मध्ये दावा लावला, तो आजारी माणसाच्या वतीने नव्हताच. राज्याच्या तिजोरीच्या वतीने होता. म्हणणं असं की फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या गरीब माणसाच्या उपचाराचा खर्च ‘मेडिकेड’ योजनेतून राज्याने केला. राज्याने तर कधी सिगारेट ओढलेली नाही. मग तुमच्या मालामुळे आमच्या खिशाला जी चाट पडली, ती भरून द्या. ‘तुमच्या मर्जीने ओढलीत’ हा बचाव एका फटक्यात निकामी झाला.

आता यातला मासलेवाईक भाग. मूर डेमोक्रॅट होते आणि राज्यपाल कर्क फोर्डिस रिपब्लिकन. राज्यपालांना हा दावा मंजूर नव्हता. मेडिकेड खातं माझ्या हाताखाली आहे, त्याच्या वतीने दावा लावायचा अधिकार ॲटर्नी जनरलला नाही, असं म्हणत फोर्डिस १९९६ मध्ये थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे राज्याचा प्रमुख राज्याच्या वकिलाला अडवायला न्यायालयाच्या दारात. न्यायालयाने त्यांची मागणी मानली नाही. जुलै १९९७ मध्ये कंपन्यांनी मिसिसिपीशी तडजोड केली आणि तीन अब्ज डॉलरच्या वर रक्कम कबूल केली. फ्लोरिडा, टेक्सस आणि मिनेसोटा यांनी आपापल्या तडजोडी केल्या. २३ नोव्हेंबर १९९८ ला उरलेल्या ४६ राज्यांशी मोठा करार झाला. त्यात चार बड्या कंपन्यांनी २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर द्यायचे, रस्त्यावरची होर्डिंग उतरवायची, जाहिरातीत कार्टून वापरायचं नाही.

हा मूर महाराष्ट्राचा महाधिवक्ता असता तर? सरकारने दावा नको म्हटल्यावर दावा लागलाच नसता. त्याच्या मनाविरुद्ध का होईना, फाइल बंद झाली असती.

या कराराला दुसरी बाजूही आहे. आलेला पैसा धूम्रपान सोडवण्यावर खर्च होईल अशी लोकांची समजूत होती. तशी सक्ती करारात नव्हती. कित्येक राज्यांनी तो रस्ते, तुटीचं अंदाजपत्रक अशा गोष्टींत घातला, आणि काहींनी तर पुढच्या वर्षांचे हप्ते आधीच रोख्यांवर उचलले. ज्या खासगी वकिलांना मदतीला घेतलं होतं, त्यांना मिळालेल्या फीचे आकडे डोळे पांढरे करणारे होते. तरीही तेव्हा बसवलेली घडी टिकली. एकेका राज्याला न झेपणाऱ्या कंपनीविरुद्ध सगळ्या ॲटर्नी जनरलांनी मिळून उभं राहायचं. घरांच्या जप्तीत गैरप्रकार केल्याबद्दल २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांकडून २५ अब्ज डॉलर याच पद्धतीने घेतले गेले. अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांच्या प्रकरणात औषधांचे तीन बडे वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी कबूल केलेले २६ अब्ज डॉलरही तसेच.

अशील कोण?

मूळ प्रश्न तसाच उरतो. ॲटर्नी जनरलचा अशील नेमका कोण? राज्यपाल? विधिमंडळ? राज्याची घटना? की मतदार? बहुतेक राज्यांच्या कायद्यात याचं नेमकं उत्तर नाही, आणि प्रत्येक ॲटर्नी जनरल आपल्याला सोयीचं उत्तर निवडतो असं माझं मत आहे. हेरिंग म्हणाले, मी अमेरिकेच्या घटनेची शपथ घेतलीय आणि राज्याचा कायदा तिच्या विरुद्ध जात असेल तर मी घटनेचा. त्यांनी इतिहासाचाही आधार घेतला. शाळांतल्या वर्णभेदाच्या खटल्यात आणि १९६७ च्या आंतरवंशीय विवाहाच्या खटल्यात व्हर्जिनियाचं ॲटर्नी जनरल कार्यालय चुकीच्या बाजूला उभं होतं, तसं पुन्हा व्हायला नको. युक्तिवाद दमदार आहे. पण उद्या दुसऱ्या पक्षाच्या माणसाने हाच युक्तिवाद करून बंदुकीवरच्या निर्बंधांचा बचाव सोडून दिला, तर आज टाळ्या वाजवणारे काय म्हणतील?

बंदी तिकडे अगदीच पोरकी झाली नाही, हेही सांगायला हवं. नॉरफोक आणि प्रिन्स विल्यम काउंटी इथल्या न्यायालयांच्या क्लार्कनी, म्हणजे विवाहाचे परवाने देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, आपापल्या वकिलांकरवी तिचा बचाव केला. १३ फेब्रुवारी २०१४ ला न्यायालयाने बंदी रद्द ठरवली, जुलैत अपील न्यायालयाने तेच कायम केलं आणि ६ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. त्याच दिवशी व्हर्जिनियात परवाने मिळू लागले.

केंटकी राज्यात हाच प्रश्न घरगुती भांडणासारखा पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. २०१४ मध्ये ॲटर्नी जनरल जॅक कॉनवे यांनी तिथल्या विवाहबंदीसाठी अपील करायला नकार दिला. राज्यपाल स्टीव्ह बेशीयर यांच्याच पक्षाचे कॉनवे. तरी राज्यपालांनी बाहेरचे वकील लावून अपील केलं. पुढे २०१६ मध्ये राज्यपाल झालेले होते रिपब्लिकन मॅट बेव्हिन, आणि ॲटर्नी जनरल म्हणून आले स्टीव्ह यांचे चिरंजीव अँडी बेशीयर. २०१८ मध्ये सत्ताधाऱ्यांनी सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनात बदल करायचं ठरवलं आणि सांडपाण्याविषयीच्या एका विधेयकातला मजकूर काढून त्यात निवृत्तिवेतनाचा मजकूर भरला. काही तासांत विधेयक मंजूर! अँडी बेशीयर यांनी दावा केला आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. घटनेप्रमाणे विधेयकाची तीन वाचनं व्हायला हवीत. सांडपाण्याचं वाचन निवृत्तिवेतनाला कसं चालेल? पुढच्याच वर्षी शिक्षक आणि सरकारी नोकरांच्या बळावर बेशीयर यांनी बेव्हिन यांना सुमारे पाच हजार मतांनी हरवून राज्यपालपद घेतलं. मग नवे ॲटर्नी जनरल डॅनियल कॅमेरॉन आले, रिपब्लिकन, आणि त्यांनी बेशीयर यांच्या कोविड निर्बंधांना न्यायालयात खेचलं. २०२३ मध्ये तेही बेशीयर यांच्याविरुद्ध राज्यपालपदाला उभे राहिले. पडले.

यावरून तिकडचा एक जुना विनोद आठवतो. ॲटर्नी जनरलच्या ‘एजी’ या संक्षेपाचा खरा अर्थ ‘ॲस्पायरिंग गव्हर्नर’, म्हणजे ‘राज्यपाल होण्याची आस लागलेला’, असा आहे म्हणे. बिल क्लिंटन आर्कान्सॉचे ॲटर्नी जनरल होते आणि जोश शपिरो पेनसिल्व्हेनियाचे, दोघेही पुढे तिथलेच राज्यपाल झाले. कमला हॅरिस कॅलिफोर्नियाच्या होत्या, त्या सिनेटवर गेल्या. दाव्याच्या बातम्यांत नाव सतत छापून येत असेल तर पुढच्या निवडणुकीचा अर्धा प्रचार फुकटात होतो. निवडणुकीने वकिलाला राज्यपालाच्या कह्यातून सोडवलं खरं, पण पक्षाच्या कह्यात दिलं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पक्षांची पकड किती वाढली, ते पाहा. रिपब्लिकन ॲटर्नी जनरलांची स्वतंत्र संघटना १९९९ मध्ये निघाली, डेमोक्रॅट्सची २००२ मध्ये. देणग्या गोळा करून आपापले उमेदवार निवडून आणणं हे त्यांचं काम. तरीही बरीच वर्षं एक सभ्य करार होता की दुसऱ्या पक्षाचा ॲटर्नी जनरल पदावर असताना पुन्हा उभा राहिला, तर त्याला पाडायला पैसा ओतायचा नाही. उद्या पुन्हा एकत्र दावे लढायचे असतात ना! २०१७ मध्ये रिपब्लिकन संघटनेने हा करार मोडला.

वॉशिंग्टनला कोर्टात खेचणं

राज्याने केंद्रावर दावा लावण्याची वाट २००७ मध्ये प्रशस्त झाली. मॅसॅच्युसेट्स आणि इतर काही राज्यांनी केंद्राच्या पर्यावरण संस्थेला हरितगृह वायूंच्या प्रश्नावर न्यायालयात ओढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी राज्यांच्या बाजूने कौल दिला आणि वर म्हटलं की दावा लावायचा हक्क तपासताना राज्यांना खास वागणूक मिळायला हवी. तेव्हापासून ओबामांच्या काळात रिपब्लिकन राज्यं आणि ट्रम्प यांच्या काळात डेमोक्रॅट राज्यं केंद्राला खेचत आली. व्हर्जिनियाचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल केन कुचिनेली यांनी २३ मार्च २०१० ला ओबामांच्या आरोग्य कायद्यावर सही होऊन शाई वाळते न वाळते तोच दावा दाखल केला होता. प्रत्येक दावा टिकतोच असं नाही. कुचिनेलींचा अपिलात निकालात निघाला. डिसेंबर २०२० मध्ये टेक्ससचे केन पॅक्स्टन यांनी दुसऱ्या चार राज्यांच्या अध्यक्षीय मतदानालाच आव्हान दिलं, ते सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांत फेटाळलं.

या दाव्यांची झळ आणि फायदा मराठी घरांपर्यंत पोचला तो २० जानेवारी २०२५ ला. ट्रम्प यांनी त्या दिवशी काढलेल्या आदेशानुसार, आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला जन्मतः नागरिकत्व मिळणार नव्हतं. म्हणजे न्यू जर्सीत एडिसनला एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्या जोडप्याचं बाळ यात सापडत होतं. दुसऱ्याच दिवशी न्यू जर्सीच्या पुढाकाराने १८ राज्यांनी बोस्टनच्या न्यायालयात दावा लावला आणि वॉशिंग्टन, ॲरिझोना, इलिनॉय, ओरेगन या चार राज्यांनी सिएटलमध्ये. सिएटलच्या न्यायाधीशांनी २३ जानेवारीलाच आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली.

इथे पुन्हा मिसिसिपीचीच युक्ती दिसते. बाळाच्या नागरिकत्वाशी राज्याचा संबंध काय? राज्यांनी हिशेब मांडला. रुग्णालयात जन्मनोंदणी करून ती माहिती केंद्राकडे सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी पाठवल्याबद्दल राज्याला दर बाळामागे ठरावीक रक्कम मिळते, ती बुडणार. ज्या मुलांच्या उपचारात केंद्राचा वाटा असतो, तो वाटा जाणार. नुकसान डॉलरांत दाखवलं की न्यायालयाचं दार उघडतं. हा वाद नंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एच-वन-बी वरच्या त्या जोडप्याला अमेरिकेत मताधिकार नाही, आणि न्यू जर्सीत तर नागरिकालाही ॲटर्नी जनरलसाठी मत देता येत नाही, कारण तिथे तो राज्यपालांनी नेमलेला असतो.

आवरायचं कोणी?

इतके अधिकार असलेला माणूस बिघडला तर? विधिमंडळाकडे महाभियोग आहे आणि अंदाजपत्रकाची कात्री आहे. पॅक्स्टन यांच्यावर मे २०२३ मध्ये टेक्ससच्या प्रतिनिधी सभेने १२१ विरुद्ध २३ मतांनी महाभियोग मंजूर केला. सभेत त्यांच्याच पक्षाचं बहुमत होतं. सप्टेंबरात सिनेटने त्यांना निर्दोष सोडलं. पेनसिल्व्हेनियाच्या कॅथलीन केन यांची कथा याहून अजब. गुप्त माहिती फोडल्याच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांची सनद स्थगित केली. तरी त्या पदावर होत्या. राज्याची सर्वोच्च वकील आणि तिलाच वकिली करता येत नाही, अशी अवस्था कित्येक महिने चालली. ऑगस्ट २०१६ मध्ये त्या दोषी ठरल्या आणि मग राजीनामा दिला.

उरतात मतदार. व्हर्जिनियात उमेदवाराला किमान ३० वर्षं वय आणि राज्याच्या वकिलीच्या सनदेची पाच वर्षं लागतात. निवडणूक चार वर्षांनी, अध्यक्षीय निवडणुकीच्या पुढच्या वर्षी होते. राज्यपालाला तिथे लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही, ॲटर्नी जनरलला येतं. हेरिंग २०१७ मध्ये पुन्हा निवडून आले आणि २०२१ मध्ये मियारेस यांच्याकडून हरले. मत राज्यपालाला वेगळं आणि ॲटर्नी जनरलला वेगळं द्यायचं असल्याने मतदार एकाच कागदावर दोन पक्ष निवडू शकतो.

नोव्हेंबर २०२५ ला मियारेस यांच्यासमोर डेमोक्रॅट जे जोन्स होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जोन्स यांचे २०२२ मधले मोबाइल संदेश बाहेर आले. त्यात विरोधी पक्षाच्या एका नेत्याला गोळी घालण्याची भाषा होती. जोन्स यांनी माफी मागितली, माघार घेतली नाही. कायदा राखण्याच्या पदासाठी उभ्या असलेल्या माणसाला याहून वाईट बातमी कोणती? पण व्हर्जिनियात मतदान ४५ दिवस आधी सुरू होतं. संदेश छापून आले तेव्हा लोक दोन आठवडे मतं टाकत होते आणि टाकलेलं मत परत मिळत नाही. त्यांच्याच पक्षाच्या अबिगेल स्पॅनबर्गर राज्यपालपदाला सुमारे १५ टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. जोन्सही जिंकले, साधारण निम्म्या फरकाने. स्पॅनबर्गर यांना मत देऊन तिथेच थांबलेले किंवा खाली मियारेस यांच्या नावावर खूण केलेले मतदार त्या उरलेल्या निम्म्यात होते.